एआयनं शीट भरावी, पण सही स्टोअरवाल्या मामांची हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या पेपरात एआयवर रोज काही ना काही येतंय, नोकऱ्या जाणार का राहणार, कुठलं कॉलेज कुठला कोर्स काढतंय वगैरे, आणि मी ते सगळं वाचते. पण आपल्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, म्हणजे उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात रोजच्या टेबलावर हे एआय नेमकं काय काम करतंय ते त्यात कुठं दिसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण अर्धं छापलं तर मी एकतर एआयच्या बाजूची वाटेन नाहीतर विरोधातली, आणि मी दोन्हीपैकी कुणीच नाही.

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सतरा वर्षं आहे. फौंड्रीवाले, मशिन शॉपवाले, पंपवाले यांना खरेदी, स्टोअर, जॉबवर्क (बाहेरच्याकडनं करून घ्यायचं काम), डिस्पॅच हे सगळं एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही देतो, त्याला सप्लाय चेन सॉफ्टवेअर म्हणतात. माझं काम म्हणजे नवीन गिऱ्हाईक आलं की त्यांचा जुना डेटा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा. आयटमची यादी, सप्लायरची यादी, कुठल्या नगाला काय काय लागतं, रॅकवर आज किती शिल्लक, कुठल्या पीओचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, माल यायचा बाकी आहे, हे सगळं. सॉफ्टवेअर विकताना डेमो दाखवणारे वेगळे असतात, पण ते चालणार का बंद पडणार हे या कामावर ठरतं. पहिल्या आठवड्यात स्टोअरवाल्याला स्क्रीनवर चुकीचा स्टॉक दिसला की त्याचा विश्वास उडाला, मग तो परत वहीत लिहायला लागतो आणि वर्षभरात सॉफ्टवेअर नुसतं बिलं छापायच्या कामाचं उरतं. हे मी डोळ्यानं बघितलंय, एकदा नाही बऱ्याचदा.

आता हा डेटा येतो कसा ते सांगते. कुणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधनं काढून देतं, कुणी एक्सेलची शीट देतं, कुणी व्हॉट्सॲपवर रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवतं. एका गिऱ्हाईकाची रजिस्टरं २०१९ च्या पुरात भिजली होती, तेव्हा पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि शिरोलीजवळ रस्ता कित्येक दिवस बंद होता हे सगळ्यांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती पानं दोरीवर वाळत घातली आणि ऑफिसातल्या तिघांनी बसून घाईघाईनं एक्सेलमध्ये उतरवली. तीन जण म्हणजे तीन तऱ्हेचं स्पेलिंग. आपल्याकडं जोतिबाच्या नावानं किती दुकानं, किती वर्कशॉप आहेत बघा, एकानं जोतिबा लिहिलं, एकानं ज्योतिबा, तिसऱ्यानं इंग्रजीत टाइप केलं आणि त्यातही एकदा वाय घातला एकदा नाही घातला. पुढं ट्रेडर्स, ट्रेडिंग, एंटरप्रायझेस, एन्टरप्रायजेस, नुसतं एंट. आता यातला एकच माणूस किती वेळा आहे आणि खरंच वेगवेगळी माणसं किती आहेत हे कुणी ठरवायचं? पूर्वी ते मी आणि आमच्याकडच्या दोन मुली ठरवायचो. फोन करून करून. एका फौंड्रीचा डेटा साफ करून भरायला तीन तीन आठवडे लागायचे, आणि ३१ मार्चचा क्लोजिंग स्टॉक १ एप्रिलला ओपनिंग म्हणून चढवायचा असला की रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत ऑफिस, घरी पोरांचं आवरायला सासूबाई.

म्हणून एआय आलं तेव्हा मला आनंदच झाला, हे आधी स्पष्ट सांगते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका मशिन शॉपची शीट होती, तिच्यात कॉलमची नावं अशी, ‘शि.’, ‘आ.’, ‘जा.’, ‘पा.नं.’, ‘स.कोड’. एआयनं दहा मिनिटात सांगितलं की शि. म्हणजे शिल्लक, आ. म्हणजे आवक, जा. म्हणजे जावक, पा.नं. म्हणजे पार्ट नंबर आणि स.कोड बहुतेक सप्लायर कोड असावा, खात्री करा. हे ‘खात्री करा’ त्यानं स्वतःहून म्हटलेलं मला फार आवडलं. जोतिबा-ज्योतिबाचं पण त्यानं मोबाईल नंबर आणि जीएसटी नंबर जुळवून जोड्या लावून दिल्या. ज्या कामात आमचा आठवडा जायचा ते दुपारच्या जेवणाआधी झालं. गिऱ्हाईकाची कुठलीही शीट आणा, तिचे कॉलम आपल्या सॉफ्टवेअरच्या कॉलमांना जोडायचं जे काम आहे त्याला आम्ही मॅपिंग म्हणतो, त्यात एआयचा हात धरणारं कुणी नाही, मी तर नाहीच.

पण मग शिरोलीत एका फौंड्रीचं काम निघालं. त्यांच्या शीटमध्ये ‘वजन’ नावाचे दोन कॉलम होते. दोन्हीवर नुसतं वजन लिहिलेलं, दुसरं काही नाही. एआयनं पहिला घेतला. तो घेण्यामागं त्याचं लॉजिकपण होतं, पहिला कॉलम पूर्ण भरलेला होता आणि दुसऱ्यात मधेमधे रिकाम्या जागा होत्या. मला पण ते पटलं, मी ओके केलं. सगळा डेटा ट्रायलवर चढला, एकही एरर नाही, स्क्रीनवर हिरवं हिरवं.

मी सवयीप्रमाणं प्रिंट काढली आणि स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथले मामा, सगळे त्यांना मामाच म्हणतात, एकतीस वर्षं त्याच स्टोअरमध्ये. चष्मा कपाळावर, कानावर पेन्सिल, अंगावर काळ्या वाळूचा थर. त्यांनी प्रिंट हातात घेतली, बोट लावत लावत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. म्हणाले, ‘ताई, ही बेअरिंग कॅप अठरा किलोची? ही तर आमचं फेटलिंगचं पोरगं एका हातात दोन दोन घेऊन फिरतंय की.’ (फेटलिंग म्हणजे ओतलेला नग घासूनपुसून साफ करणं.) आणि उठून रॅकवरची एक कॅप आणून माझ्या हातात दिली. हातात घेतल्यावर मला समजलं. काट्यावर ठेवली, एक किलो आठशे.

झालं होतं असं की पहिला वजनाचा कॉलम हा पूर्ण साच्यात ओतलेल्या रसाचं, म्हणजे वितळलेल्या धातूचं, वजन होतं. एका बॉक्समध्ये म्हणजे साच्यात सहा कॅप पडतात, सहा गुणिले १.८ म्हणजे १०.८ किलो, आणि वरचं सगळं रनर-रायझरमध्ये, म्हणजे रस आत जायच्या वाटांमध्ये, जातं, ते तोडून परत भट्टीत. एका बॉक्सला १८ किलो रस लागतो म्हणजे यील्ड (ओतलेल्यातलं कामाला येणारं) ६० टक्के, फौंड्रीवाल्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. नगाचं खरं वजन दुसऱ्या कॉलममध्ये होतं, आणि त्यात रिकाम्या जागा यासाठी होत्या की ज्या नगाचं फेटलिंग अजून झालेलं नाही त्याचं वजन मामा भरतच नाहीत, काट्यावर ठेवल्याशिवाय ते आकडा लिहीत नाहीत. म्हणजे एआयला जी उणीव वाटली ती मामांची शिस्त होती.

हे तसंच पुढं गेलं असतं तर काय झालं असतं बघा. कास्टिंगचा म्हणजे ओतीव मालाचा रेट किलोवर असतो. ५०० कॅप म्हणजे खरं ९०० किलो, छोट्या टेम्पोचा माल. सॉफ्टवेअरनं दाखवले असते ९,००० किलो. बिल दहापट, गाडी मोठी मागवली असती, कच्च्या मालाची खरेदी त्या हिशेबानं निघाली असती. एकही एरर न दाखवता. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ओके मी केलं होतं.

दुसरी गोष्ट निपाणीची. आपले कितीतरी सप्लायर निपाणी-संकेश्वर भागातले आहेत, नावं मराठी, बिलावर मराठी, फोनवर बोलणं मराठी. एका शीटमध्ये सप्लायरच्या पत्त्यात नुसतं ‘निपाणी’ होतं आणि राज्याचा कॉलम रिकामा. एआयनं नावं मराठी बघून सगळ्यांच्या पुढं महाराष्ट्र भरून टाकलं. आता कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण माहीत आहे की गडहिंग्लज, चंदगड आपल्यात आणि निपाणी कर्नाटकात, पण शीटकडं बघून ते कळत नाही. राज्य चुकलं की टॅक्स चुकतो, कर्नाटकातनं माल आला तर आयजीएसटी लागतो आणि महाराष्ट्रातला असला तर सीजीएसटी-एसजीएसटी. त्याच शीटमध्ये एका सप्लायरचा जीएसटी नंबर नव्हता, तिथं त्यानं एक नंबर तयार करून घातला! दिसायला अगदी खरा, १५ अक्षरं, सुरवातीला महाराष्ट्राचा कोड २७, मधे पॅनसारखं काहीतरी. नशीब की या नंबराचं शेवटचं अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवर गणित करून काढलेलं असतं, आमच्या प्रोग्रॅमनं ते तपासलं आणि नंबर खोटा निघाला. पण ज्या गोष्टींना असं तपासायचं अक्षर नसतं तिथं काय? रेट, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासनं माल यायला लागणारे दिवस), किमान किती स्टॉक ठेवायचा ते, यात बनवलेला आकडा कोण ओळखणार?

तेव्हापासनं माझा एक नियम आहे आणि मी तो आमच्या सगळ्या पोरापोरींना पहिल्या दिवशी सांगते, रिकामा रकाना रिकामाच ठेवायचा. माणूस अडला की विचारतो, नाहीतर सोडून देतो. एआयला सोडून दे म्हणून आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी बघावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट रंगांची, मला वाटतं ही सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हिच्यावर कुणीच बोलत नाही. मामांच्या शीटमध्ये काही ओळी पिवळ्या होत्या, काही गुलाबी. फाइल आम्ही सीएसव्ही करून घेतो कारण प्रोग्रॅमला ती सोपी पडते, आणि सीएसव्हीमध्ये फक्त अक्षरं आणि आकडे जातात, रंग जात नाही. म्हणजे एआयच्या हातात फाइल पडायच्या आधीच रंग पुसला गेलेला होता. मामांनी मला ओरिजिनल शीट उघडून दाखवली. पिवळं म्हणजे माल आपला आहे पण आपल्या जागेत नाही, मशिनिंगला बाहेर जॉबवर्कला दिलाय. गुलाबी म्हणजे गिऱ्हाईकानं रिजेक्ट करून परत पाठवलेला, त्याचे पैसे वळते करायची डेबिट नोट यायची आहे, त्याला हात लावायचा नाही. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, फक्त मामांना आणि त्यांच्या हाताखालच्या एका मुलाला माहीत होतं. शीटमध्ये तीनशे चाळीस नग शिल्लक म्हणून दिसत होते आणि त्यातले दोनशे दहा दुसऱ्याच्या शेडमध्ये पडलेले.

जॉबवर्कचं प्रकरण नुसतं शिल्लक चुकण्यावर थांबत नाही. जीएसटीच्या कायद्यात कलम १४३ आहे, जॉबवर्कला चलनावर दिलेला माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथनंच विकला जावा लागतो, नाहीतर ज्या दिवशी दिला त्याच दिवशी विकला असं धरून टॅक्स लागतो. म्हणजे पिवळ्या रंगामागं तारीख आहे, चलन नंबर आहे, टॅक्सची जबाबदारी आहे. हे सगळं एका रंगात, आणि तो रंग एका क्लिकमध्ये गेला. आता आम्ही सीएसव्ही करायच्या आधी रंगाचा एक वेगळा कॉलम काढतो, पिवळा असेल तर ‘पिवळा’ असं शब्दात लिहून घेतो, आणि मग त्या माणसाला विचारतो याचा अर्थ काय. रंग वाचणं मशिनला जमतं हो, अर्थ त्या माणसाकडंच असतो.

एक खरं की सगळा दोष एआयचा नाही, त्याच्या आधीच एक्सेल बरंच काही बिघडवून ठेवतं. पार्ट नंबरच्या सुरवातीची शून्यं उडतात. मी सुरवातीला असताना आमच्याकडनं असाच एक डेटा गेला होता, पार्ट नंबर ००४५ पासनं सुरू होणारे, शीटमध्ये झाले नुसते ४५. मोठ्या कंपनीच्या गेटवर माल गेला, त्यांच्या सिस्टिमला तो पार्ट नंबर सापडेना, गाडी सकाळी नऊपासनं संध्याकाळपर्यंत गेटबाहेर उभी. ड्रायव्हर मला फोन करत होता, मॅडम जेवायला पण सोडंनात. दोन शून्यांसाठी. मधे ई अक्षर असलेला कोड असला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं, ५-७ असा साइज लिहिला की त्याची तारीख होते, १६ आकडी नंबराचा शेवटचा आकडा शून्य होतो कारण ते १५ च आकडे धरतं. तारखांचं तर फार वाईट, कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर ५ जुलैचं ७ मे होतं, आणि १३ तारखेपासनं पुढचं काही बदलत नाही कारण तेरावा महिना नसतो, म्हणजे काही तारखा बरोबर काही उलट्या आणि वरवर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये २०२० ला कोरोनाच्या काळात १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस आठवडाभराच्या आकड्यांत आल्याच नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढं ओळी मावत नाहीत आणि पुढचा डेटा गप्पगार गळून गेला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची (जीन्सची) नावंच बदलली, एक्सेल त्यांची तारीख करत होतं म्हणून. एवढ्या मोठ्या लोकांचं होतं तर आपल्या स्टोअरच्या शीटचं काय घेऊन बसलाय.

अशा ठिकाणी एआय खरंच उपयोगी पडतं, ते ओळखतं की या कॉलममध्ये सगळे नंबर आठ आकडी आहेत आणि पन्नासच सहा आकडी, सुरवातीची शून्यं गेली असतील. पण ओळखल्यावर त्यानं स्वतः दुरुस्त करायचं का आपल्याला दाखवायचं, इथं फरक आहे.

आम्ही आता असं करतो. एआयला आकड्यांना हात लावू देत नाही. ते फक्त नियम लिहून देतं, हा कॉलम तिकडं, ही तारीख अशी वाचायची, हा डझनमध्ये आहे त्याला बारानं गुणायचं. तो नियम आम्ही वाचतो, गिऱ्हाईकाचा माणूस वाचतो, आणि मग साधा प्रोग्रॅम त्या नियमाप्रमाणं सगळी शीट फिरवतो. याचं कारण असं की तीच शीट एआयला दोनदा दिली तर दोन वेळा थोडं वेगळं उत्तर येऊ शकतं, प्रोग्रॅमचं तसं नसतं, आणि उद्या ऑडिटरनं विचारलं हा आकडा आला कुठनं तर दाखवायला नियम हातात असतो. मग टोटल लावायची, शीटमध्ये ओळी किती आणि सॉफ्टवेअरमध्ये किती, एकूण नग किती, एकूण किलो किती, एकूण रुपये किती, एक नग जरी इकडं तिकडं झाला तरी पुढं जायचं नाही. पण बघा, वजनाच्या प्रकरणात नगांची टोटल जुळलीच होती! ओळी पण जुळल्या. म्हणून शेवटचं काम रॅकपाशी, कुठलेही दहा नग निवडायचे, मोजायचे, वजन करायचे, स्क्रीनवरच्याशी ताडून बघायचे. आणि पुढच्या महिन्यात तीच शीट आली तर जुना नियम चालतो, एआयला परत विचारायची पण गरज नाही, फक्त कॉलमचं एखादं नाव जरी बदललं असेल तर थांबायचं आणि माणसाला बोलवायचं.

आणखी एक, मालक लोकांनी जरूर वाचावं असं. बरेच जण स्टोअरची शीट उचलून थेट मोबाईलवरच्या कुठल्यातरी फुकटच्या एआयमध्ये टाकतात आणि म्हणतात नीट करून दे. त्या शीटमध्ये तुमचा रेट असतो. कुठल्या गिऱ्हाईकाला किलोला काय भाव लावलाय ते कोल्हापुरात सख्ख्या भावाला पण कुणी सांगत नाही आणि ते तुम्ही बाहेर पाठवताय. सप्लायरचे मोबाईल नंबर, माणसांची नावं त्यात असतात, त्यांच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे. मॅपिंगला एआयला पूर्ण शीट लागतच नाही, कॉलमची नावं आणि वीसेक ओळी पुरतात, त्यात पण रेट आणि फोन नंबर खोटे घालून द्यायचे. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गेल्या वर्षभरात मला मालकांकडनं एकच वाक्य ऐकायला मिळतंय, ‘एआय आहे ना आता, मग डेटा चढवायचे पैसे कशाला?’ आणि त्याच्या पुढचं वाक्य, ‘आमच्या माणसाला वेळ नाही, तुम्ही तुमचं करून घ्या.’ एका ठिकाणी तर डेटा एंट्रीच्या दोन मुलींना आधी काढून टाकलं आणि मग आम्हाला बोलावलं. त्यातल्या एकीनं ती शीट पाच वर्षं स्वतः भरली होती. त्या शीटमध्ये काही नगांपुढं ‘न’ लिहिलेलं, काहींपुढं ‘ज’. एआय म्हणालं न म्हणजे नग. मालकांना माहीत नाही, मॅनेजरला माहीत नाही. शेवटी मी त्या मुलीचा नंबर शोधून फोन केला, ती तेव्हा गांधीनगरात एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली होती, गिऱ्हाईकाच्या गडबडीत पण तिनं सांगितलं, ‘न म्हणजे नवीन डाय, ज म्हणजे जुनी. जुन्या डायचा माल वेगळा ठेवतात, होल अर्ध्या एमएमनं मोठं पडतं.’ (डाय म्हणजे माल पाडायचा साचा.) तिला काढून टाकलेलं असताना तिनं हे सांगितलं, फुकट. अर्ध्या एमएमचा फरक म्हणजे पूर्ण लॉट रिजेक्ट. मी तिला थँक्यू म्हटलं पण ते फार अपुरं वाटलं आणि अजून वाटतंय.

पूर्वी तीन आठवड्यांतले दोन आठवडे टायपिंगमध्ये जायचे, आता ते वाचलेत. पण तो वाचलेला वेळ तपासायला द्यायचा सोडून आपण माणूसच वाचवायला निघालोय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं आहे. एआयनं मॅपिंग केलं की ते बघून हो-नाही म्हणायला तोच माणूस लागतो ज्यानं तो नग हातात धरलाय. मामांना कॉम्प्युटरची भीती वाटायची, पण कॉलमच्या नावापुढं मराठीत एका ओळीत लिहून दिलं की हे आम्ही असं समजलोय, बरोबर का चूक, तर त्यांनी तासाभरात चाळीस ओळी बघितल्या आणि सात ठिकाणी चूक काढली. सात! त्यातली तीन मी जन्मात काढू शकले नसते.

म्हणून माझी मालक लोकांना हात जोडून विनंती आहे, डेटा चढवायच्या कोटेशनमध्ये स्टोअरच्या माणसाचे चार दिवस धरा, त्याच्या रोजच्या कामातनं त्याला मोकळा करा आणि त्या चार दिवसांचा पगार नीट द्या, ओव्हरटाइम असेल तर ओव्हरटाइम. तपासलेल्या शीटवर त्याची सही घ्या, पण सही घेतली म्हणून चुकीचं खापर त्याच्यावर फोडायचं नाही, सही म्हणजे त्यानं बघितलं एवढंच. डेटा एंट्रीच्या मुलींना काढायच्या आधी त्यांना हे मॅपिंग तपासायचं शिकवा, टायपिंग येतं, शीट ओळखीची आहे, दोन आठवड्यांत तयार होतात, आमच्याकडच्या दोघी तशाच तयार झाल्या आणि आज त्या दोघी मिळून पूर्वी पाच जणींचं काम करतात आणि पगार पण वाढलाय.

आणि स्मॅक (शिरोलीच्या कारखानदारांची), गोशिमा (गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची) अशा आपल्या संघटनांनी मनावर घेतलं तर एक काम सहज होईल, सगळ्यांसाठी एक साधी शीट ठरवायची. वजन असेल तर ओतलेलं का नगाचं ते नावातच लिहायचं. युनिट वेगळ्या कॉलममध्ये, नग, किलो, डझन काय असेल ते. जॉबवर्कचा माल वेगळ्या शीटमध्ये चलन नंबर आणि तारखेसकट, रंगावर भागवायचं नाही. पार्ट नंबर टेक्स्ट म्हणून. तारीख सगळ्यांनी एकाच पद्धतीनं. याला एआय पण लागत नाही आणि खर्च पण नाही, एक पान कागद छापून प्रत्येक स्टोअरमध्ये चिकटवला तरी चालेल. आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांना वेल्डिंग, टर्निंगबरोबर ही एक शीट भरायला शिकवली तर ती जिथं कामाला लागतील तिथला अर्धा गोंधळ कमी होईल.

शिरोलीचे मामा या दिवाळीनंतर रिटायर होतायत. त्यांच्या शीटमध्ये पिवळा आणि गुलाबी सोडून आणखी दोन रंग आहेत आणि काही आकड्यांखाली पेननं ओढावी तशी रेघ आहे, ती कशाची ते अजून विचारायचं राहिलंय. मालकांनी त्यांना सोमवारचा पूर्ण दिवस मोकळा दिलाय. मी आणि आमच्याकडची एक मुलगी सकाळी साडेआठला वही घेऊन त्यांच्याकडं जाणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर